पाहुण्यांची वही

माझ्या सासूबाईंना सरकारची भीती वाटते, असं मी लग्नानंतरची एकवीस वर्षं येईल त्याला सांगत आले. सांगताना थोडं हसून सांगायचे. मीटर बघायला माणूस आला तरी त्या उठून उभ्या राहायच्या, फडक्याने खुर्ची पुसायच्या आणि तो जाईपर्यंत खाली बसायच्या नाहीत. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिवा हिरवा झाल्याशिवाय त्यांचं पाऊल फुटपाथवरून उतरायचं नाही. ‘सरकार’ हा शब्दसुद्धा त्या मोठ्याने उच्चारत नसत, ‘वरचे’ म्हणत. पोस्टमन वरचा, शिरगणतीला येणारी बाई वरची. एकदा साबण विकायला आलेल्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र लटकत होतं, तर तोही वरचा ठरला. त्याच्याकडून त्यांनी मुकाट्याने सहा वड्या घेतल्या.

धंदा त्यांचा काज-बटणांचा. शहरातले आठ-दहा शिंपी शर्ट शिवून झाले की गठ्ठे बांधून आमच्याकडे पाठवतात. काजं करायची, बटणं लावायची, लोंबणारे दोरे कापायचे, घड्या घालून परत द्यायचे. पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन, भिंतीला लागून लांब टेबल, फळीवर रंगवार बटणांच्या बरण्या. साध्या शर्टाची काजं मशीनवर होतात, पण कोटाचं काज जुने शिंपी अजूनही त्यांच्याच हातचं मागतात. ब्लेडने नेमकी चीर द्यायची आणि कडेने टाक्याला टाका लावत जायचं. कोट फाटेल, पण काज उसवणार नाही, असं त्यांचं काम. शिंपी त्यांना ‘काजवाल्या आई’ म्हणतात.

आणि मी कोण, तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी. माझं माहेर वेगळ्याच मातीचं. आमच्या गावात रस्ता, शाळा, पाण्याची टाकी, सगळं गावाने सभा घेऊन, भांडून, अंगमेहनत करून उभं केलेलं. अधिकारी आला तर त्याला सतरंजीवर बसवून लोक दोन-दोन तास फैलावर घ्यायचे. माझे वडील तर पोस्टात तिकीट नीट चिकटत नाही एवढ्यावरून पोस्टमास्तरांशी वाद घालून यायचे आणि येताना त्यांनाच चहाला घेऊन यायचे. सरकार म्हणजे आपलंच एक आळशी भावंड, असं मी लहानपणापासून धरून चाललेली. भावंडाला कोण भितं? त्याच्यावर ओरडावं, आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करावी.

अशा मला सासरी आल्याच्या पहिल्या दिवशी ती वही दिसली. निळ्या पुठ्ठ्याची, जाड. सासूबाईंनी चष्मा लावला, माझं पूर्ण नाव विचारलं, कुठून आले ते विचारलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सुरेख वळणदार अक्षरात सगळं लिहून घेतलं. मी या घरची सून झाले होते आणि माझी पाहुणी म्हणून नोंद झाली होती. नवरा शेजारी उभा राहून हसू दाबत होता. नंतर त्याने सांगितलं, आईच्या लहानपणी, तिच्या गावात, त्या जुन्या राजवटीत, घरी मुक्कामाला आलेल्या प्रत्येकाची नोंद करावी लागे. रोज संध्याकाळी वही चौकीवर नेऊन शिक्का मारून आणावा लागे. राजवट केव्हाच गेली, कायदा गेला, चौकीच्या जागी चपलांचं दुकान आलं. आईची सवय तेवढी राहिली.

माझे वडील पहिल्यांदा आले आणि त्यांचंही नाव लिहिलं गेलं, तेव्हा ते भडकलेच. हे घर आहे की पोलीस ठाणं, असं मला बाजूला घेऊन म्हणाले. मी त्यांची समजूत काढली. म्हटलं, बाबा, भीती हाडात मुरलीय हो त्यांच्या, जाऊ द्या. वडील विरघळले, आणि निघताना ‘विहीणबाई, निघालो बरं का, वेळ लिहून घ्या’ असं स्वतःहून सांगून गेले.

मी त्यांना भित्री समजले, आणि प्रेमाने समजले, हे मला आता जास्त टोचतं. रागावून समजले असते तर निदान कधीतरी भांडण होऊन खरं बाहेर आलं असतं.

गेल्या वर्षी नगरपालिकेने नवा फॉर्म काढला. प्रत्येक घराने राहणाऱ्यांची आणि मुक्कामी पाहुण्यांची माहिती द्यायची, सुरक्षेसाठी. आमच्या शाळेच्या हॉलमध्येच रहिवाशांची सभा झाली. वॉर्डाचा कारकून समजावून सांगत होता, लोक माना डोलवत होते. आपल्याला लपवायचं काय आहे, असंच सगळ्यांचं म्हणणं. माझंही तेच. वर मला विनोद सुचला. उभी राहून म्हटलं, आमचं घर तुमच्या पुढे आहे, माझ्या सासूबाईंकडे साठ वर्षांच्या पाहुण्यांच्या वह्या तयार आहेत. आणि मग साबणवाल्यासकट सगळी कथा रंगवून सांगितली. हॉल हसून लोळला. कारकूनही हसला, आणि हसता हसता त्याने काहीतरी टिपून घेतलं.

घरी येऊन मोठ्या हौसेने मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या कोटाला चीर देत होत्या. ब्लेड तसंच हातात राहिलं. कोणाकोणासमोर सांगितलंस, एवढंच त्यांनी विचारलं. मला वाटलं, ओशाळल्या. पुन्हा नाही सांगणार, म्हणून मी चहा टाकायला गेले.

त्यानंतर वीस-पंचवीस दिवसांनी, एका सोमवारी दुपारी, माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. खांद्याला पिशवी, चेहरा उतरलेला. नगरपालिकेत टायपिस्ट होती. शहराच्या दक्षिण भागात दीडशेवर मुलं आजारी पडली होती, त्या भागाच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल तिने टाईप केला होता. सकाळी एक, आणि साहेबांच्या सांगण्यावरून दुपारी दुसरा. तारीख तीच, आकडे वेगळे. पहिल्याची प्रत तिने जपून ठेवली आणि बोभाटा झाल्यावर चौकशी समितीला तसं कळवलं. सुनावणी पुढच्या आठवड्यात गुरुवारी होती. तोवर रोज कोणी ना कोणी तिच्या घरी तयार मजकूर घेऊन येत होतं: माझी टाईप करताना चूक झाली, दुसरा अहवाल नव्हताच. खाली सही करायची. तिचा भाऊही नगरपालिकेत नोकरीला. आधी ते नुसते विनवत होते, मग भावाच्या नोकरीवर आलं, आणि आता भाऊच तिच्यापुढे पेन धरून बसला होता.

“बाई, गुरुवारपर्यंत कोणाच्या हाती लागले नाही तर मी खरं सांगू शकेन,” ती म्हणाली. “लागले तर सही करेन. मला माझी खात्री नाही.”

इतकं खरं बोलणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. राहा म्हटलं. नवऱ्याने तेवढं विचारलं, आईला सांगितलंस का? आईला सांगायची वेळच आली नाही. सासूबाईंनी मुलीला पाणी दिलं, तिचं तोंड निरखून पाहिलं, आणि वही काढली.

त्यांना आत नेऊन म्हटलं, आई, सगळ्या जगाचं लिहा, हिचं तेवढं लिहू नका. हिला शोधताहेत. सासूबाईंनी माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

“हिचं तर लिहायलाच हवं,” त्या म्हणाल्या, आणि लिहिलं.

मी संतापले. पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. एकदा तर त्या अंघोळीला गेल्या असताना ते पान फाडायला वहीला हात लावला होता, पण ते अक्षर पाहून धीर झाला नाही. शाळेत जाऊन व्यक्तिस्वातंत्र्याचा धडा शिकवायचा आणि घरी येऊन एका म्हातारीच्या सवयीसमोर हात टेकायचे. मुलगी मात्र सासूबाईंच्या शेजारी बसून बटणं लावायला शिकली. चार भोकांच्या बटणाला दोरा उलटा घालायची, त्या उसवून परत द्यायच्या. ती दिवसातून एकदा तरी हसत होती, ते त्यांच्यामुळे. रागातसुद्धा हे मला दिसत होतं.

शनिवारी दुपारी कारकून आला. तोच, सभेतला. मी नुकतीच शाळेतून आले होते. मुलगी आतल्या खोलीत, मध्ये फक्त पडदा. सासूबाई उठून उभ्या राहिल्या, खुर्ची पुसली. तो बसला नाही. म्हणाला, आजी, ती वही हवी होती, साहेबांनी मागितली आहे, पाहून परत करतील. म्हणजे माझी ती कथा वरपर्यंत पोचली होती, आणि ही मुलगी माझ्या हाताखाली शिकली हेही कोणीतरी जोडून पाहिलं होतं. मी टेबलावरचे शर्ट उगाच सारखे करत राहिले. गावाच्या सभेत अधिकाऱ्याला फैलावर घेणाऱ्यांची मी लेक.

सासूबाई त्याच्या शर्टाकडे बघत होत्या. छातीवरचं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत होतं.

इकडे उजेडात या साहेब, असं म्हणून त्यांनी त्याला खिडकीशी नेलं. सुईत दोरा ओवलेलाच होता. तो नको नको म्हणत असताना त्यांनी पहिला टाका घातलाही. आता बिचारा हलणार कसा? हात बाजूला धरून, मान वर करून उभा राहिला.

“वही आहे,” सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा बारीकच होता. “पण ती मिळायची नाही. हलू नका, टोचेल.”

“आजी, नियम आहे हो.”

“मग लेखी आणा.”

“लेखी आणलं तर द्याल?”

“तरी देणार नाही. पण लेखी आणा. कोणी मागितली त्याचं नाव माझ्याकडे राहील.” त्यांनी गाठ मारली आणि दोरा कापला. “तुमचंही पूर्ण नाव सांगा. घरी आलेल्या सगळ्यांचं लिहिते मी.”

मग त्याने नाव सांगितलं. त्यांनी वही काढून, त्याच्या डोळ्यांसमोर, पण पान त्याला दिसणार नाही अशी धरून, ते लिहिलं. त्याने नव्या लावलेल्या बटणावरून बोट फिरवलं. साहेबांना सांगतो, आजी नाही म्हणाल्या, असं पुटपुटला आणि पायऱ्या उतरून गेला. तो वाईट माणूस नव्हता. पडद्याकडे त्याने एकदा पाहिलं होतं, हे मी पाहिलं होतं.

दार लावल्यावर सासूबाई खाली बसल्या, खुर्चीवर नव्हे, जमिनीवरच. मी त्यांचे हात धरले. पडद्याआडून मुलगी बाहेर आली. आणि मग, तीन तासांचं काम टेबलावर तसंच ठेवून, त्या बोलल्या.

त्यांच्या घरची सरकारी वही त्याच भरायच्या. वय नऊ. वडिलांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि यांचं शाळेत पहिलं आलेलं. एका संध्याकाळी मामा आला. आईचा धाकटा भाऊ, कागदाच्या होड्या करून देणारा, शीळ घालणारा. आईने यांना जवळ घेऊन सांगितलं, आज कोणी आलं नाही, काही लिहू नकोस. पण शाळेत रोज प्रार्थनेनंतर सांगत, वहीत खोटं लिहील तो घराला खड्ड्यात घालील. शिवाय मामाच्या नावात जोडाक्षर होतं, आणि जोडाक्षरं यांची फार छान यायची.

“मी लिहिलं,” सासूबाई म्हणाल्या. “छान लिहिलं. चौकीवर मीच घेऊन गेले. शिपायाने शाबासकी दिली.”

सकाळी उजाडल्यावर माणसं आली आणि मामाला घेऊन गेली. वहीसुद्धा नेली. त्यांची आजी रोज चौकीवर जाऊन विचारायची. आठ दिवस काही उत्तर नाही. नवव्या दिवशी सांगितलं, अशा नावाचा कोणी माणूस तुमच्या घरी आलाच नव्हता. नोंद दाखवा. नोंद तर त्यांच्याच कपाटात.

“तो आला होता, जेवला होता, माझ्याशी बोलला होता, हे लिहिलेलं एकच ठिकाण होतं, आणि ते त्यांच्याकडे गेलं. मग मी ठरवलं, आपली वही आपल्याकडे ठेवायची. तू समजतेस तशी मी वरच्यांसाठी लिहीत नाही गं. माझ्या घरी आलेला माणूस आलाच नव्हता, असं कोणी कधी म्हणू नये, म्हणून लिहिते.”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मोठी बाई, पन्नाशीला आलेली, विद्यार्थिनीसमोर. ज्याची मी हॉलभर हसून टिंगल केली होती, ते त्या बाईने नऊ वर्षांच्या वयापासून एकटीने धरून ठेवलेलं होतं. घाबरत नव्हत्या असं नाही. भरपूर घाबरत होत्या. पण त्या सरकार काय चीज आहे ते ओळखून घाबरत होत्या, आणि मी न ओळखता निर्धास्त होते. माफी मागितली तर म्हणाल्या, तुझ्या बापाच्या गावात वाढले असते तर मीही अशीच खिदळले असते, ऊठ आता, शर्ट राहिलेत.

लेखी काही आलं नाही. रविवार गेला, सोमवार गेला. जिना वाजला की आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचो. बुधवारी संध्याकाळी मुलीने भाताचा घास तसाच ठेवला आणि म्हणाली, बाई, सही करून टाकते, दादाला त्रास नको. मी समजावायला सुरुवात केली, कलम, हक्क, सगळं. सासूबाईंनी मला हाताने थांबवलं आणि तिला म्हटलं, उद्या मी येते तुझ्याबरोबर.

नवरा चकित होऊन बघतच राहिला. आई नऊ वर्षांची असल्यापासून कुठल्याही सरकारी इमारतीत गेलेली नव्हती. पेन्शनचे कागदसुद्धा तोच देऊन यायचा.

गुरुवारी सकाळी त्यांनी केस विंचरले, चांगले कपडे घातले, पर्समध्ये सुईदोरा ठेवला. इमारतीच्या पायऱ्यांपाशी थांबल्या. मी म्हटलं, आई, बाहेर बाकावर बसा, आम्ही आहोत. त्यांनी मुलीचा हात घट्ट पकडला आणि चढल्या. दारात शिपायाने रजिस्टर पुढे सरकवलं, आत जाणाऱ्या प्रत्येकाने नाव लिहायचं म्हणून. त्या एक पाऊल मागे सरल्या. मी म्हटलं मी लिहिते तिघींचं, पण माझं स्वतःचं लिहून होताच त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. तेवढ्यात समितीचा माणूस मुलीचं नाव पुकारत आला, म्हणून मी खोली बघायला पुढे गेले.

सुनावणी दोन तास चालली. मुलीचा आवाज सुरुवातीला येईना. समितीच्या बाईंनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. तिने मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत सासूबाई ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. मग ती बोलली. सकाळी एक टाईप केला, दुपारी एक. कोणी सांगितलं तेही नावानिशी. तिच्या साहेबांनी उलटसुलट विचारून पाहिलं, पण ती आपल्या जागेवरून हलली नाही. निकाल यायला पुढे वर्ष लागलं, नोकरीचं अजून भिजत घोंगडं आहे. पण त्या दिवशी बोलायचं होतं ते ती बोलली.

परत निघताना शिपायाने जाण्याची वेळ लिहायला रजिस्टर पुन्हा आमच्यापुढे केलं. तेव्हा मला त्या दोन ओळी दिसल्या. मुलीचं नाव आणि त्याखाली सासूबाईंचं, दोन्ही त्यांच्या अक्षरात, जोडाक्षरं अगदी निवांत काढलेली. मुलीच्या ओळीत ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘खरे सांगणे’. आणि त्यांच्या स्वतःच्या ओळीत, ‘हिला घरी परत नेणे’.

शिपाई वेळ सांगत होता. सासूबाईंनी चष्मा लावला, भिंतीवरच्या घड्याळाकडे स्वतः एकदा पाहिलं, आणि आधी मुलीची परत निघायची वेळ लिहिली.